जपानी घडीचे पडदे म्हणजे ब्योबू: सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्या हॉलमध्ये एक छोटा दोन पानांचा जपानी पडदा आहे, गुडघ्याच्या जरा वर येईल एवढाच, आणि घरी येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघून एक तरी प्रश्न विचारतोच. नोकरीनिमित्त तीन वर्षं क्योतोजवळ राहत होते, तेव्हा या पडद्यांचा नाद लागला तो लागलाच. तीच तीच उत्तरं तोंडी देण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून काढू. क्रम काही ठरवलेला नाही, ज्यावर बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय.

ब्योबू म्हणजे पार्टिशनच ना?

पार्टिशन हे त्याचं एक काम झालं. शब्दाचा अर्थच बघा, 'ब्यो' म्हणजे अडवणं आणि 'बू' म्हणजे वारा. वारा अडवणारा. जुन्या काळची जपानी वाडेवजा घरं म्हणजे वर मोठं छप्पर, मधे खांब आणि आत नुसती मोकळी जमीन, पक्क्या भिंती फारशा नाहीतच, त्यामुळे थंडीत वारा सरळ आरपार. मग बसायच्या जागेभोवती हे पडदे उभे करायचे, वारा अडला, आडोसा झाला, आणि त्या मोकळ्या जमिनीतून एक खोली तयार झाली. काम झालं की घडी घालून कोनाड्यात. म्हणजे सामान म्हणूनच ते जन्माला आलं, चित्र त्यावर नंतर इतकं मोठं झालं की आज आपण त्याला म्युझियममधली पेंटिंग म्हणून बघतो. पण मला विचाराल तर या दोन गोष्टी वेगळ्या करायला गेलं की दोन्ही हातातून जातात, ते का ते पुढे येईलच.

हे मूळचं जपानचं का चीनचं?

कल्पना चीनची, कोरियामार्गे आलेली. जपानच्या जुन्या इतिवृत्तात नोंद आहे की ६८६ साली कोरियातल्या सिल्ला राज्याकडून सम्राटाला भेटी आल्या, त्यात पडदे होते. आजही टिकून असलेला फार जुना नमुना नारा शहरातल्या शोसोइन या खजिन्यात आहे. ७५६ साली सम्राट शोमू वारल्यावर सम्राज्ञी कोम्योनं त्यांच्या वस्तू तोदाईजी देवळाला अर्पण केल्या, त्यातला. सहा पानं, प्रत्येकावर झाडाखाली एक बाई. रंग फक्त चेहऱ्याला आणि हातांना वगैरे, कपडे आणि झाडं यांच्यावर चक्क पक्ष्याची पिसं चिकटवलेली होती. बाई अगदी चिनी थाटाची, गुबगुबीत गालांची, म्हणून हा चीनहून आला असणार असं वाटतं, पण पिसांचे जे बारीक तुकडे उरले होते ते एका रानकोंबडीसारख्या पक्ष्याचे निघाले जो फक्त जपानात आढळतो. शिवाय आत अस्तराला लावलेल्या रद्दी कागदावर ७५२ ची तारीख सापडली. म्हणजे फॅशन चीनची आणि हात जपानी.

तो असा वाकडातिकडा का उभा करतात? सरळ का नाही?

कारण सरळ केला तर पडेल. एवढंच. त्याला पाय नाहीत, मागे टेकू नाही, भिंतीला खिळा नाही. नागमोडी घडीमुळेच तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. जपानीत म्हणच आहे, व्यापारी आणि पडदा वाकल्याशिवाय उभे राहत नाहीत. ती टोमणा म्हणूनही वापरतात आणि सल्ला म्हणूनही.

पण खरी मजा चित्रकार या घडीचं काय करतो त्यात आहे. घडी पडली की काही पानं तुमच्याकडे झुकतात, काही लांब जातात. चांगला चित्रकार हे आधीच धरून चालतो, झाडाचा बुंधा पुढे येणाऱ्या कडेजवळ घेतो, नदी आत जाणाऱ्या कोपऱ्यात वळवतो. मग तुम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलात की फांद्या एकमेकींच्या मागे जातात, परत बाहेर येतात, आणि सपाट कागदावर काढलेल्या चित्रात अक्षरशः खोली तयार होते. पुस्तकात हेच चित्र सरळ सपाट छापलेलं असतं आणि ते बघून लोक म्हणतात मधे एवढी जागा रिकामी का सोडलीय. ती रिकामी नाही हो, ती घडीची जागा आहे.

बिजागरी कागदाची असते हे खरं आहे का?

खरं आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीतला हा सगळ्यात हुशार भाग आहे.

सुरुवातीचे पडदे चामड्याच्या किंवा रेशमाच्या दोऱ्यांनी बांधलेले असायचे. पानांच्या कडेला भोकं, त्यातून दोरी. त्यामुळे दोन पानांच्या मधे फट राहायची आणि प्रत्येक पानाला चारी बाजूंनी स्वतःचा जरीचा काठ लागायचा. साहजिकच प्रत्येक पान म्हणजे एक सुटं चित्र. सहा पानं म्हणजे सहा फ्रेम शेजारी शेजारी.

मग कागदी बिजागऱ्या आल्या, साधारण चौदाव्या शतकापर्यंत त्या रुळल्या. त्यात काय करतात, तर पानाच्या कडेला उंचीचे भाग पाडतात आणि मजबूत कागदाच्या पट्ट्या आळीपाळीने लावतात. पहिली पट्टी डाव्या पानाच्या पुढून निघून फटीतून उजव्या पानाच्या मागे जाते, दुसरी बरोबर उलटी, डाव्याच्या मागून उजव्याच्या पुढे, तिसरी परत पहिल्यासारखी. असं वरपासून खालपर्यंत. याचा परिणाम असा की पडदा पुढेही दुमडतो आणि मागेही दुमडतो, कडा कडेला घट्ट भिडते, फट दिसत नाही. धातूची बिजागरी एकाच बाजूला उघडते, ही दोन्हीकडे.

आणि फट गेली तसे मधले काठही गेले. आता काठ फक्त सगळ्या पडद्याभोवती एकच. म्हणजे साडेतीन मीटर लांबीचा सलग कागद चित्रकाराच्या हातात आला! एका पानावर सुरू झालेली पाइनची फांदी चार पानं ओलांडून जाऊ शकते, हे त्या कागदाच्या पट्टीमुळे. आपण सगळं श्रेय चित्रकाराला देतो, त्या पट्ट्या चिकटवणाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं याचं मला वाईट वाटतं.

आत काय असतं? पुठ्ठा?

नाही नाही. आत लाकडाची हलकी जाळी असते, बहुतेकदा सुगी नावाच्या झाडाची, देवदाराच्या जवळपास जाणारं लाकूड आहे ते. त्या जाळीवर हातकागदाचे थरावर थर. पहिला थर जाळीला घट्ट ताणून बांधतो, म्हणजे लाकूड वाकणार नाही. मग काही थर असे की कागदाच्या वरच्याच कडेला खळ लावायची आणि खालचं सगळं मोकळं सोडायचं, एकावर एक, घराच्या कौलांसारखे. मग ते दाबून धरणारा थर, आणि शेवटी लहान लहान कागद फक्त कडांना चिकटवून केलेला थर, मधला भाग फुग्यासारखा सुटा. या सगळ्याच्या वर मग चित्राचा कागद.

इतका खटाटोप का, तर हवा. दमट दिवसांत कागद फुगतो, कोरड्या दिवसांत आक्रसतो. सगळं एकमेकांना पक्कं चिकटवलं असतं तर पहिल्याच हिवाळ्यात चित्र तडकलं असतं. इथे मधल्या थरांमध्ये हवा आहे, ते ताण खाऊन टाकतात. बोटाने हलकं टकटक केलं तर ढोलकीसारखा पोकळ आवाज येतो (स्वतःच्या पडद्यावर करा, म्युझियममध्ये नको). आणि एवढा मोठा पडदा एक-दोन माणसं आरामात उचलतात.

चिकटवायला गव्हाच्या सत्वाची खळ, कारण ती पाण्याने परत सुटते. शंभर वर्षांनी कुणीतरी हा पडदा उघडून दुरुस्त करणार हे गृहीत धरूनच तो बनवलेला असतो. क्योतोत एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस बसायला मिळालं होतं, तिथल्या वयस्कर कारागिरांनी ओल्या ब्रशने एक जुना थर भिजवला आणि बांबूच्या पातळ पट्टीने इतक्या सावकाश उचलला की पाच-दहा मिनिटं खोलीत कुणी बोललंच नाही. खालून हिशोबाच्या वहीचा कागद निघाला, भाताच्या पोत्यांचे आकडे.

हे नेहमीचंच आहे. कागद महाग, त्यामुळे अस्तराला जुनी पत्रं, वह्या, पावत्या वापरायचे, आणि आज इतिहासकारांना त्यातून पुरावे मिळतात. पोर्तुगालमधल्या एव्होरा शहरात एका जुन्या पडद्याच्या अस्तरातून सोळाव्या शतकाच्या अखेरची कागदपत्रं निघाली, जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांच्या कामकाजाशी संबंधित. पडद्यावरच्या चित्रापेक्षा आतली रद्दी मोलाची ठरली.

एवढं सोनं दिसतं ते खरं असतं का?

जुन्या चांगल्या पडद्यांवर खरं. पण पत्रा नाही, वर्ख. आपण मिठाईवर चांदीचा वर्ख बघतो तीच जात, फक्त सोन्याचा. मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ, श्वास लागला तरी उडतो. जपानातला जवळजवळ सगळा वर्ख आज कानाझावा शहरात तयार होतो, तिथली हवा दमट आहे म्हणून कामात स्थिर वीज कमी त्रास देते. चौकोनाची आजची नेहमीची बाजू १०.९ सेंटिमीटर. आता तुम्हीच हिशोब करा, १७० सेंटिमीटर उंच आणि पावणेचार मीटर रुंद पडदा पूर्ण मढवायचा तर पाचशेच्या वर वर्ख लागतात, आणि पडदे जोडीने येतात म्हणजे हजारावर.

जवळ जाऊन बघितलं तर चौकोनांच्या कडा जिथे एकमेकींवर चढल्यात तिथे सोनं दुप्पट, त्यामुळे पुसट जाळी दिसते. मला ती जाळी फार आवडते, माणसाचा हात दिसतो तिच्यात.

सोनं श्रीमंती दाखवायला होतंच, नाकारण्यात अर्थ नाही. पण अजून एक कारण आहे. किल्ल्यांमधले आणि वाड्यांमधले आतले दिवाणखाने अंधारे असायचे, उजेड दिव्याचा किंवा बाहेरून जमिनीवरून परावर्तित होऊन आलेला. त्या उजेडात सोनं खालून वर हळूहळू पेटल्यासारखं दिसतं आणि घडीमुळे प्रत्येक पान वेगळ्या कोनात असल्यामुळे एक उजळ तर शेजारचं तपकिरी. म्युझियमच्या पांढऱ्या दिव्याखाली ते निम्मंसुद्धा कळत नाही.

रंग म्हणजे दगडांची पूड. निळा अझुराइटचा, हिरवा मॅलकाइटचा, पांढरा शिंपल्यांच्या पुडीचा, आणि हे सगळं सरसात कालवलेलं. चांदीही वापरायचे पण चांदी काळी पडते, म्हणून जुन्या पडद्यांवर कधी कधी काळा चंद्र दिसतो. काढला तेव्हा तो चमकत होता.

जोडी म्हणजे काय? बघायला कुठून सुरुवात करायची?

उजवीकडून. जपानी लिखाणासारखंच. सहा पानांचे दोन पडदे मिळून एक जोडी ही सगळ्यात रुळलेली पद्धत, दोन पानी, चार पानी, आठ पानीही असतात. ऋतूंचं चित्र असेल तर उजव्या टोकाला वसंत आणि डाव्या टोकाला हिवाळा, साधारण असं. आणि शक्य असेल तर खाली बसून बघा. ते जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी केलेत. उभं राहून बघितलं तर क्षितिजच चुकतं. मी म्युझियममध्ये खुशाल उकिडवी बसते, गार्ड लोक काही म्हणत नाहीत.

चित्रं कसली असतात? एक-दोन नावं सांगा जी बघायलाच हवीत.

विषय भरपूर आहेत, ऋतू, पक्षी, जुन्या कथा, शहरं, नुसते किमोनो खुंटीवर टांगलेले (अंगात घालणारी बाई चित्रात नाही, ती कोण असेल हे बघणाऱ्याने ठरवायचं, किती सुंदर कल्पना आहे). मी माझ्या आवडीचे सांगते.

हासेगावा तोहाकु यांची पाइनची झाडं, तोक्यो नॅशनल म्युझियममध्ये. नुसती काळी शाई. धुक्यात झाडं आहेत, काही ठळक, काही जवळजवळ पुसलेली, आणि निम्म्याहून जास्त कागद कोरा. लांबून बघितलं तर थंडी वाजते. जवळ गेलात तर झाड नाहीच, रागावल्यासारखे ओढलेले ब्रशचे फटके आहेत नुसते. मी चारदा पुढेमागे केलं, नक्की कुठल्या पावलावर फटक्यांचं झाड होतं ते पकडायला. कागदाचे जोड विषम आहेत म्हणून हा मुळात कच्चा खर्डा असावा असं बरेच अभ्यासक मानतात.

मारुयामा ओक्यो यांची बर्फातली पाइन झाडं, तोक्योच्याच मित्सुई म्युझियममध्ये. यात बर्फाला पांढरा रंग लावलेलाच नाही. बर्फ म्हणजे न रंगवलेला कागद. म्हणजे त्यांनी झाडाचं फक्त ते काढलं जे बर्फाने झाकलेलं नाही, आणि तरी बर्फाचं वजन फांदीवर जाणवतं.

ओगाता कोरिन यांची निळी आयरिसची फुलं, नेझू म्युझियम. पूर्ण सोनं, त्यावर निळा आणि हिरवा, तिसरा रंग नाही. काही झुपके साच्याने उठवल्यासारखे पुन्हा पुन्हा येतात, कोरिन यांचं घराणं क्योतोतलं किमोनोच्या कापडाचं व्यापारी, ते डोळ्यात उतरलेलं दिसतं. २००४ पासूनच्या पाच हजार येनच्या नोटेच्या पाठीमागे हीच फुलं होती, कितीतरी महिने ती माझ्या पाकिटात होती आणि मला पत्ताच नव्हता.

आणि कानो एतोकु यांनी काढलेलं क्योतो शहर. सोन्याच्या ढगांमधून खाली बघितल्यासारखं अख्खं शहर, रस्ते, दुकानं, देवळं, गियोनची जत्रा, कोंबड्यांच्या झुंजी, आणि जवळजवळ अडीच हजार माणसं. यासाठी दुर्बीण घेऊन जा, खरंच सांगते.

घरात याचा सामाजिक उपयोग काय होता? म्हणजे सणावाराला, लग्नाकार्याला?

जन्मापासून मरणापर्यंत. अतिशयोक्ती नाही.

राजघराण्यात आणि बड्या घरांत बाळंतपणाची खोली पूर्ण पांढरी करायचे, कपडे पांढरे, सामान पांढरं आणि पडदासुद्धा पांढरा. त्यावर चित्र असायचं पण पांढऱ्यावर पांढरं, शिंपल्याच्या पुडीने आणि अभ्रकाने काढलेले क्रौंच, कासवं, पाइन, बांबू, सगळी दीर्घायुष्याची चिन्हं. काम झालं की टाकून द्यायचे, म्हणून आज अगदी मोजके शिल्लक आहेत. मला हे वाचल्यावर बराच वेळ ती खोली डोळ्यासमोर येत होती. कळा सुरू आहेत, दिव्याचा उजेड हलतोय आणि त्या पांढऱ्यात मधेच क्रौंच चमकून दिसतोय.

३ मार्चला मुलींचा बाहुल्यांचा सण असतो, त्यात सगळ्यात वरच्या पायरीवर राजा-राणीची जोडी आणि त्यांच्या मागे छोटा सोनेरी पडदा. घराघरात. लग्नाच्या हॉलमध्ये नवरा-नवरीच्या मागेही सोनेरी पडदा, चित्र नसलेला, नुसतं सोनं. तसाच रंगमंचावर नाव मिळालेल्या कलाकाराच्या मागे, आणि कुणी मोठ्या माणसाने पत्रकार परिषद घेऊन आनंदाची बातमी दिली तर त्याच्या मागेही. पडदा उभा राहिला की तेवढी जागा मानाची झाली, त्याच्या पुढे बसलेलं माणूस आज विशेष आहे एवढं सगळ्यांना न सांगता कळतं. आपल्याकडे मखरामुळे कोनाड्याचं जे होतं तेच.

घरात कुणी वारलं तर उशाशी पडदा उलटा, वरची बाजू खाली करून ठेवायची पद्धत होती. मृत्यूच्या वेळी नेहमीच्या गोष्टी उलट्या करायच्या, हे आपल्याला अपसव्यामुळे समजावून सांगायला लागत नाही.

चहाच्या विधीत एक बुटका दोन पानी असतो, शेगडी आणि भांडी मांडतात त्याच्या पाठीमागे कोपऱ्यात. माझ्याकडे आहे तो त्याच जातीचा. झोपताना उशाशी वारा लागू नये म्हणूनही बुटका असतो, वेगळा. देवळांमध्ये शिंगोन या बौद्ध पंथाच्या दीक्षाविधीत निसर्गचित्राचा पडदा लागायचा.

आणि क्योतोतली गियोनची जत्रा. जुलैच्या मध्याला, मुख्य मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी, जुन्या व्यापारी पेठांमधली घरं रस्त्याकडची जाळीची दारं काढतात आणि घराण्यातले पडदे मांडतात, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही रस्त्यावरून बघावे. आत दिवा, बाहेर गर्दी, घाम, दुरून येणारा घंटांचा आवाज. मी एका घरासमोर थांबले होते तर आतल्या आजींनी पंखा हलवत हलवत मला मान लववली, जणू त्यांच्याच घरी पाहुणी आलेय. एतोकुंच्या पडद्यात हीच जत्रा काढलीय, आणि जत्रेत आजही पडदे मांडतात!

राजेमहाराजे एकमेकांना भेट द्यायचे असं ऐकलंय.

हो, आणि भेट नेहमीच प्रेमाची असते असं नाही. वर सांगितलेला क्योतोचा पडदा ओदा नोबुनागा या त्या वेळच्या सगळ्यात ताकदवान सरदारानं १५७४ साली उएसुगी केन्शिनला पाठवला असं मानतात. केन्शिन दूर उत्तरेकडचा बलाढ्य सरदार. क्योतो म्हणजे त्या वेळची राजधानी, ती चित्रात घडी करून पाठवली, याचा अर्थ केन्शिनला नक्की कळला असणार की शहर आता कुणाच्या हातात आहे. आता तो योनेझावा शहरातल्या म्युझियममध्ये आहे. पुढे शोगुन लोकांनी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांनी, कोरियाच्या राजांना, आणि १८६० साली इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला पडदे पाठवले. घडी होते, जहाजात मावतं, उघडलं की अख्खी भिंत भरते, भेटीला याहून बरं काय.

गोव्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि बऱ्यापैकी जवळचा.

सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोर्तुगीजांचं मोठं जहाज गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायचं. जपानी चित्रकारांनी ही जहाजं पडद्यांवर काढली, त्यांना नानबान म्हणजे 'दक्षिणेकडच्या परक्यांचे' पडदे म्हणतात. फुग्यासारख्या विजारी घातलेले लांब नाकाचे पोर्तुगीज, काळे झगेवाले पाद्री, आणि डोक्यावर छत्री धरणारे, सामान वाहणारे सावळे नोकर आणि खलाशी, आफ्रिकेतून आणि आपल्या बाजूने नेलेले. कानो नाइझेन यांची जोडी कोबेच्या म्युझियममध्ये आहे, तिच्यात एका पडद्यावर परदेशातलं बंदर कल्पनेने काढलंय, त्यात हत्ती आहे. चित्रकारानं गोवा काही बघितला नव्हता, ऐकीव माहितीवर सगळं. मला त्या छत्री धरणाऱ्या माणसांकडे बघून पोटात काहीतरी होतं, कारण त्यांची नावं कुठेच नाहीत आणि चेहरे मात्र सोन्यावर काढलेले.

दुसरी गोष्ट नोबुनागाचीच. त्यानं आपल्या अझुची किल्ल्याचा पडदा करवून घेतला होता आणि १५८१ साली तो जेझुइट प्रमुख वालिन्यानो यांना दिला. पुढच्या वर्षी चार जपानी मुलं, कोवळी पोरं, पोपला भेटायला निघाली, त्यांच्यासोबत हा पडदा निघाला. १५८३ मध्ये ती कोचीनला आणि मग गोव्याला पोचली. वालिन्यानो गोव्यातच राहिले, मुलं पुढे गेली आणि १५८५ साली रोममध्ये पोपला पडदा दिला. त्यानंतर तो हरवला तो आजपर्यंत सापडलेला नाही. किल्लाही १५८२ मध्येच जळाला, त्यामुळे तो कसा दिसायचा हे सांगणारं ते चित्र मिळालं तर काय बहार येईल! परतीच्या वाटेवर १५८७ साली त्या मुलांपैकी हारा मार्तिन्योनं गोव्यात लॅटिनमध्ये भाषण केलं होतं.

आणि पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत घडीच्या पडद्याला आजही बियोम्बो म्हणतात, ते ब्योबूवरूनच.

वाघ मांजरासारखे का दिसतात?

कारण वाघ बघितलेलाच नव्हता. जपानात वाघ नाहीत. परदेशातून आलेली कातडी आणि घरातली मांजर यावरून काढायचे. वाघावरून इक्क्यू नावाच्या चतुर बालभिक्षूची गोष्ट तिथे लहान मुलांना सांगतात. शोगुन म्हणतो या पडद्यातला वाघ रात्री बाहेर येतो, बांधून दाखव. इक्क्यू दोरी घेऊन तयार होतो आणि म्हणतो, मी तयार आहे महाराज, आता आपण त्याला बाहेर हाकला. आपली बिरबलाची गोष्टच की.

मागची बाजू कोरी असते का?

बहुतेकदा साधा नक्षी छापलेला कागद. पण एक अपवाद सांगितल्याशिवाय राहवत नाही. सतराव्या शतकात तावाराया सोतात्सु यांनी वाऱ्याचा देव आणि गडगडाटाचा देव अशी दोन पानी जोडी सोन्यावर काढली, क्योतोच्या केन्निन-जी देवळाची. साधारण शंभर वर्षांनी कोरिन यांनी तिची नक्कल केली. त्यानंतर अजून शंभरेक वर्षांनी साकाई होइत्सु यांनी कोरिन यांच्या त्या पडद्याच्या पाठीवर चित्र काढलं. पुढे सोनं तर मागे चांदी. गडगडाटाच्या देवाच्या बरोबर मागे पावसाने झोडपून वाकलेलं उन्हाळी गवत. वाऱ्याच्या देवाच्या मागे वाऱ्याने उडणारी शरदातली पानं. पुढे देव, मागे त्यांनी काय केलं ते. आता नीट टिकावेत म्हणून पुढची आणि मागची बाजू वेगळी केलीय, समजतं मला, तरी हळहळ वाटतेच.

बघायला कधी जावं? कायम लावलेले असतात का?

नाही! ही चूक सगळे करतात. कागद आणि रंग उजेडाने खराब होतात म्हणून वर्षातले थोडेच दिवस बाहेर काढतात. आयरिसची फुलं साधारण एप्रिलअखेर ते मेमध्ये, बाहेर बागेत खरी फुलतात तेव्हा. बर्फातली झाडं आणि तोहाकुंची पाइन बहुतेकदा नवीन वर्षाच्या सुमाराला. तिकीट काढण्याआधी म्युझियमची वेबसाइट बघाच. केन्निन-जीत तुम्हाला हुबेहूब प्रत दिसेल, मूळ क्योतो नॅशनल म्युझियममध्ये सांभाळलेलं असतं. प्रत म्हणून नाक मुरडू नका, चटईवर बसून, बाजूला बागेचा उजेड, असं बघायला मिळतं ते फक्त तिथेच.

विकत घ्यायचा असेल तर? आपल्या हवेत टिकेल का?

ऑनलाइन 'जपानी स्क्रीन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक लाकडी चौकटीत कापड आणि धातूच्या बिजागऱ्या, आडोशाला ठीक आहे, पण तो ब्योबू नाही. मी एकदा जुना म्हणून एक मागवला होता, पावसाळ्यात आतला कागद सुटून फुगे आले, उघडून बघितलं तर आत साधा प्लायवूड. घेण्याआधी बिजागरीचा फोटो मागा. पट्ट्या आळीपाळीने आहेत का आणि पान दोन्हीकडे वळतं का एवढं बघितलं तरी निम्मी फसवणूक टळते.

खरा असेल तर आपल्याकडे जून ते सप्टेंबर बंद करून कापडी पिशवीत उभा ठेवा, आडवा नको, भिंतीला चिकटवून तर अजिबात नको. एसीच्या झोताखाली नको. बोट चित्राला लावायचं नाही, उचलताना फक्त बाहेरची लाखेची चौकट धरायची. आणि उघडताना जोडीला दुसरं माणूस घ्या, एकट्याने ओढला की बिजागरीचा कागद कोपऱ्यातून फाटतो.

मुलांना शाळेच्या प्रोजेक्टला करायचाय, सोप्पं काही?

दोन पोस्टकार्डं घ्या आणि कागदाच्या तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी कार्डाच्या उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जरा कमी रुंद. कार्डं शेजारी शेजारी ठेवा. वरची पट्टी डाव्या कार्डाच्या पुढे चिकटवा, फटीतून आत घालून उजव्याच्या मागे चिकटवा. मधली उलटी. खालची परत वरच्यासारखी. डिंक फटीत जाऊ देऊ नका, नाहीतर वळणार नाही. वाळल्यावर आधी पुढे दुमडा, मग मागे. दोन्हीकडे सपाट बसलं तर जमलं, मग तिसरं कार्ड जोडा. चित्र मात्र सगळी कार्डं जोडून झाल्यावर सलग काढायला सांगा, आधी नाही.